पोळ्याला गेलेला माणूस, दिवाळीनंतर अडलेला काटा

२०२४ च्या नोव्हेंबरमधला शेवटचा मंगळवार. सकाळी सव्वादहाला आमच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मिलच्या वजनकाट्यावर कापसाची ट्रॉली चढली, इंडिकेटरवरचा आकडा स्थिर झाला, काटेवाल्या नानांनी ‘सेव्ह’ दाबलं आणि पडद्यावर लाल चौकट आली. पुन्हा दाबलं, पुन्हा तीच. संगणक बंद करून चालू केला, कॅमेऱ्याची वायर काढून घातली, काही फरक पडला नाही. तासाभरात गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेली.

हंगामात काटा अडणं म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. गाडीचं वजन दोनदा होतं, एकदा भरल्यावर आणि एकदा खाली करून. दोन्हींतला फरक पट्टीवर, म्हणजे वजनाच्या पावतीवर येतो आणि त्या पट्टीवर शेतकऱ्याचे पैसे निघतात. त्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये होता. वीस क्विंटलची ट्रॉली म्हणजे हमीभावाने १,४२,४२० रुपये. एवढा माल घेऊन माणूस पहाटे घरून निघालेला असतो, ट्रॅक्टर बहुतेक वेळा भाड्याचा असतो. दोन तास ताटकळला तर तो शेजारच्या जिनिंगवर वळतो, आणि पुढच्या खेपेलाही तिकडेच जातो.

मी या मिलचं कार्यालय आणि हिशेब सांभाळतो. मिल जळगाव जिल्ह्यातली, मालक एकाच घरातले, हंगामात लहान-मोठ्या मिळून दिवसाला साधारण १५० गाड्या. नाव देत नाही, कारण त्यातून कोणाला काही मिळणार नाही. प्रकरण मात्र पूर्ण मांडतो. तंत्रज्ञानाचा माणूस सोडून गेला की संस्थेतलं काय काय जातं, हे मला त्या आठवड्यात जसं दिसलं तसं आधी कधी दिसलं नव्हतं. आणि त्यातली मोठी चूक माझ्या बाजूची होती.

तो काय देऊन गेला

तंत्रज्ञानाची बाजू सात वर्षं एकाच मुलाने ओढली. जळगावला संगणकाचा डिप्लोमा करून तो बिलिंगला लागला आणि हळूहळू सगळंच त्याच्याकडे गेलं. काट्याचा इंडिकेटर संगणकाला जोडणं, गाडीचे पुढून-मागून फोटो पट्टीला लावणं, जीएसटीची बिलं, ई-वे बिल, शेतकऱ्याला जाणारा एसएमएस, सीसीटीव्ही, अगदी शेठच्या घरचं वायफायसुद्धा. हे काम त्याला कोणी नेमून दिलं नव्हतं. अडलं की तो करायचा, आणि झालं की आम्ही विसरायचो.

२०२४ च्या जुलैत त्याला पुण्यात दुपटीहून जास्त पगाराची नोकरी लागली. शेठ चिडले. सात वर्षं घरच्यासारखं वागवलं आणि हंगामाच्या तोंडावर चालला, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. खानदेशातली शिकलेली मुलं पुण्याला, नाशिकला, सुरतेला जाणारच. रात्रीच्या लक्झरीने त्यांना निरोप देणारे आईबापही आपलेच असतात. बाँड लिहून घ्यायला हवा होता, असं एका ओळखीच्यांनी सुचवलं. नोकरी सुटल्यानंतर दुसरीकडे काम करू नये अशी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही, हे सोडा. पण ज्याचं मन निघून गेलंय त्याला कागदाने बसवून ठेवलं, तर तो शिकवणार काय?

नोटीस एक महिन्याची. केटीची, म्हणजे काम सोपवण्याची यादी मीच केली. रोज काय करतोस, दर आठवड्याला काय, महिन्याला काय, पासवर्ड कुठले, कोणत्या कंपनीचा कोणता माणूस दुरुस्तीला येतो. त्याने प्रामाणिकपणे १४ पानं लिहून दिली. पडद्याची चित्रं काढली, बाण दाखवले. काट्यावरच्या एका तरुण ऑपरेटरला पंधरा दिवस शेजारी बसवून घेतलं. ३१ ऑगस्ट हा त्याचा शेवटचा दिवस, दोन दिवसांनी पोळा. त्याच संध्याकाळी मी त्याचं संगणकावरचं खातं बंद करून घेतलं. माणूस गेला की खातं बंद करावं, हा नियम बरोबरच आहे, आणि मी तो पाळल्याचं मला समाधान होतं.

त्या समाधानात एक खड्डा होता. तो पुढे येईल.

काटा अडला तो दिवस

मंगळवारी पहिले दोन तास आम्ही चुकीच्या जागी शोधत होतो. काटा दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, काटा ठणठणीत आहे. मग हातपट्टी सुरू केली: नाना इंडिकेटरवरचं वजन मोठ्याने वाचणार, दुसरा कार्बन घालून वहीत लिहिणार, शेतकरी सही करणार. रांग हलली, पण कासवाच्या गतीने.

दुपारी भुसावळहून एक संगणकवाला आला. त्याने चौकटीतला इंग्रजी मजकूर नीट वाचला आणि कारण पाच मिनिटांत सांगितलं: डेटाबेस भरलाय. आमचं सॉफ्टवेअर नोंदी साठवायला मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस प्रणालीच्या एक्सप्रेस आवृत्तीवर चालतं, २०१९ ची. ती फुकट मिळते, म्हणून छोट्या उद्योगांत सर्रास असते, आणि तिला एका डेटाबेसमागे १० जीबीची मर्यादा आहे. मर्यादा आली की जुनं सगळं वाचता येतं, नवं काही लिहिता येत नाही. “जुने फोटो उडवून टाकू,” तो म्हणाला, “दहा मिनिटांत चालू होईल.”

मी हो म्हणणारच होतो. बाहेर रांग, शेठचा फोन, डोक्यात दुसरं काही नव्हतं. नानांनी विचारलं, “उडवायच्या आधी नक्कल आहे ना?” बॅकअप रोज रात्री दोनला आपोआप होतो, असं १४ पानांत लिहिलेलं होतं. बाहेरची डिस्क काढून बघितली. शेवटच्या फाइलची तारीख होती ३१ ऑगस्ट.

एक्सप्रेस आवृत्तीत ठरावीक वेळी काम करून घेणारा एजंट नसतो. म्हणून त्या मुलाने विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये एक छोटी फाइल लावून ठेवली होती, आणि ती त्याच्या स्वतःच्या लॉगिनवर चालत होती. मी त्याचं खातं बंद केलं त्या रात्रीपासून ते काम रोज दोन वाजता उठत होतं, लॉगिन नाकारलं जात होतं, आणि पुन्हा झोपत होतं. पडद्यावर कुठेही काही येत नव्हतं. ऐन हंगामातल्या वीस दिवसांच्या पट्ट्यांची दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती. नानांनी तो प्रश्न विचारला नसता, आणि काढताना काही वेडंवाकडं झालं असतं, तर शेतकऱ्यांसमोर उभं राहायला आमच्याकडे काहीच नव्हतं. हे लिहितानाही पोटात गोळा येतो.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी नानांजवळ बसलो. सहज विचारलं, मागच्या वर्षी हे भरलं कसं नाही? नाना थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “दर साल दिवाईना पहिले तो जुना माल वखारमा टाके, भाऊ.” दरवर्षी दिवाळीआधी तो जुना माल वखारीत टाकायचा. नानांना वाटायचं की गोदामाच्या साठ्याचा काही हिशेब असेल, म्हणून त्यांनी कधी खोलात विचारलं नाही.

सर्व्हरवर जाऊन बघितलं. ‘वखार २०-२१’, ‘वखार २१-२२’ अशा नावांचे वेगळे डेटाबेस तिथे होतेच. आम्ही तीन महिने ती नावं बघत होतो आणि सगळेच गोदाम समजून पुढे जात होतो. सरकी-ढेपेची गोदामं आमच्याकडे खरोखरची आहेत, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती.

मग आकडेमोड जुळली. एका गाडीचे चार फोटो, मिळून साधारण २४० केबी. १५० गाड्यांचे दिवसाला ३६ एमबी, चार महिन्यांच्या हंगामाचे ४ जीबीहून थोडे जास्त. तो कायम दोन हंगामांचा डेटा ठेवायचा, म्हणजे बाकीचं धरून सव्वानऊ जीबी. नवा हंगाम सुरू होण्याआधी जुन्यातला जुना हंगाम वखारीत हलवायचा, की नव्याला जागा. या वेळी तो हलवलाच नाही. उरलेल्या पाऊण जीबीत बरोबर वीस दिवस गेले.

रात्रीचा फोन

शेठनी त्याची ग्रॅच्युइटी अडवून ठेवली होती. नोकरीची पाच वर्षं भरली की ती द्यावी लागते आणि देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यावी लागते, हे मी त्यांना सांगितलं होतं. पण सांगून गप्प बसलो होतो. आता त्याच मुलाला रात्री नऊला फोन करायचा होता. पहिल्यांदा त्याने उचलला नाही. माझी खात्री झाली की तो उचलणार नाही. दहा मिनिटांत त्याचाच आला. गाडीवर होता म्हणाला.

मी सगळं सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता, मग म्हणाला, “दादा, ते तर दिवाळीआधीचं काम. ऑगस्टमध्ये लिहायला बसलो तेव्हा मला ते आठवलंच नाही हो.”

मला या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच वाटतं. त्याने काही लपवलं नव्हतं. मी त्याला रोजचं, आठवड्याचं, महिन्याचं विचारलं होतं, आणि त्याने रोजचं, आठवड्याचं, महिन्याचं सांगितलं होतं. वर्षातून एकदा येणारं काम हाताला लागतं तेव्हाच आठवतं. पोळ्याच्या आधी निरोप घेणाऱ्या माणसाच्या डोक्यात दिवाळी नसते.

रात्री साडेअकरापर्यंत तो फोनवर थांबला. आधी बाहेरच्या डिस्कवर पूर्ण बॅकअप घ्यायला लावला. मग तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून बघायला लावला, कारण उघडून न बघितलेला बॅकअप त्याच्या हिशेबी बॅकअपच नव्हता. दोन्हीकडच्या ओळी मोजून घेतल्या. मग २२-२३ चा हंगाम नव्या वखारीत हलवला, आणि मूळ जागेतून काढताना बजावलं, “एकदम नको, हजार-हजार ओळींनी काढा. एकदम काढलं तर लॉग फुगून डिस्क भरेल.” लॉग म्हणजे डेटाबेस प्रत्येक बदलाची ठेवतो ती नोंदवही. हे १४ पानांत नव्हतं. हे त्याला कधीतरी डिस्क भरल्यावर कळलेलं असणार. बुधवारी सकाळी सातला पहिली गाडी नेहमीसारखी काट्यावर चढली. मंगळवारच्या हातपट्ट्या चढवायला आणखी दोन दिवस गेले.

गुरुवारी मी शेठसमोर बसलो आणि दोन गोष्टी मागितल्या. त्याची ग्रॅच्युइटी आजच्या आज, आणि त्या रात्रीच्या कामाचे वेगळे पैसे. शेठ काही बोलले नाहीत, चेकबुक मागवलं. नंतर त्यांनी स्वतः त्याला फोन केला, मी उठून बाहेर आलो. आता त्याच्याशी वर्षभराचा साधा लेखी करार आहे, तासाच्या हिशेबाने, मुख्यतः हंगामापुरता. गेलेला माणूस शत्रू नसतो. तोंड गोड ठेवून, हिशेब चुकता करून त्याला वाटेला लावणं हाही ज्ञान टिकवण्याचाच भाग आहे, आणि माझ्या मते सगळ्यात स्वस्त भाग.

वर्षाचं पान

मग पुढचा प्रश्न: आणखी काय काय निसटलं असेल? १४ पानं पुन्हा वाचून ते कळणार नव्हतं. जे लिहिलेलं नाही ते वाचून सापडत नाही. वखारीचा धागा आम्हाला कागदाने दिला नव्हता, नानांनी दिला होता. म्हणून आम्ही उलट्या बाजूने निघालो. त्याला काम करताना कोणी कोणी बघितलंय? काटेवाले नाना, हिशेबातल्या ताई, मिलचा वायरमन, रात्रीचा वॉचमन. एका रविवारी सगळ्यांना बसवलं, वरण-बट्टीचं जेवण ठेवलं, आणि भिंतीवर एक मोठा कागद लावला. त्यावर महिन्यांची नावं होती, पण माणसं आठवत होती सणांनी. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला तो काय करायचा? मे महिन्यात ४५ अंशांवर पारा जातो तेव्हा? पोळ्याला? दसऱ्याला, मुहूर्ताच्या आधी? मार्चअखेर?

वायरमनने सांगितलं, उन्हाळ्यात तो सर्व्हरचं झाकण उघडून सरकीची धूळ ब्लोअरने काढायचा, नाहीतर दुपारी यंत्र आपोआप बंद पडायचं. ताई म्हणाल्या, एप्रिलच्या पहिल्या तारखेला बिलांची नवी मालिका तो आदल्या रात्रीच बसवायचा. काट्याच्या दरवर्षीच्या वैधमापन मुद्रांकनाआधी तो तीन दिवस रोज सकाळी एकाच रिकाम्या ट्रकचं वजन घेऊन बघायचा, हे नानांना माहीत होतं. वॉचमनने सांगितलेलं मला अजून आश्चर्याचं वाटतं. पहिल्या पावसाच्या रात्री तो हमखास मिलवर यायचा, कारण काट्याच्या खड्ड्यात पाणी शिरलं की जोडणीच्या डब्यात ओल जायची आणि वजन हलायला लागायचं. सात वर्षांत आमच्यातल्या कोणालाही हे ठाऊक नव्हतं. वॉचमनला होतं, कारण फाटक तोच उघडायचा.

दुपारपर्यंत २६ नोंदी झाल्या. त्यातल्या ९ त्याच्या १४ पानांत कुठेच नव्हत्या. कागदाचा फोटो मी त्याला पुण्याला पाठवला. त्याने आणखी दोन घातल्या आणि एक खोडली.

नोंदीसमोर ‘का’ असा रकाना ठेवायचा, हे मात्र आम्ही एका भांडणातून शिकलो. डिसेंबरात त्या तरुण ऑपरेटरने रांग लवकर हलावी म्हणून सॉफ्टवेअरमधलं एक सेटिंग बदललं. वजन आठ सेकंद स्थिर राहिल्यावर नोंद व्हायची, त्याने तीन केले. आठच का, याचं कारण कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि बिनकामाची वाट बघणं कोणालाही चूकच वाटेल. पण मोकळ्या कापसाने गच्च भरलेली ट्रॉली ब्रेक लागल्यावर बराच वेळ डुलते. तीन सेकंदांत पकडलेलं वजन दहा-वीस किलोंनी इकडेतिकडे व्हायला लागलं. वीस किलो म्हणजे १,४२४ रुपये. एका शेतकऱ्याने गाडी पुन्हा चढवायला लावली, आकडा वेगळा आला, आणि काट्यावर आवाज चढले. त्याची बाजू खरी होती. आम्ही फरक दिला, सेटिंग पूर्वीचं केलं आणि समोर कारण लिहिलं. पोराला रागावलो नाही. आकडा त्याच्या हातात होता, त्यामागचं कारण पुण्यात होतं.

या वर्षाच्या पानाव्यतिरिक्तचे बदल थोडक्यात सांगतो. बॅकअप आता कोणा माणसाच्या खात्यावर चालत नाही, मिलच्या स्वतंत्र खात्यावर चालतो, आणि तो झाला की नाही याचा संदेश रोज सकाळी तिघांच्या मोबाइलवर येतो. संदेश न येणं हीच धोक्याची घंटा. दर तीन महिन्यांनी बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून एक जुनी पट्टी छापून बघतो. डोमेन, एसएमएस, सरकारी पोर्टलं, सगळीकडे नोंदलेला मोबाइल क्रमांक त्याचा तर नाही ना, ते तपासलं. ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसला १ एप्रिल २०२५ पासून सगळ्या करदात्यांना दोन टप्प्यांचं लॉगिन सक्तीचं झालं, तेव्हा ओटीपी पुण्याला जाण्याची वेळ आली नाही ती त्यामुळेच.

काही गोष्टी जमल्या नाहीत. पडद्याचे व्हिडिओ करून ठेवायचे म्हणून आम्ही बरेच केले, ते कोणीही बघत नाही. काम अडलं की माणूस चाळीस मिनिटांचा व्हिडिओ उघडत नाही, फोन उचलतो. त्यापेक्षा एक साधी रीत लागू पडली: पानावरचं प्रत्येक काम वर्षातून एकदा तरी दुसऱ्याने करायचं, आणि ज्याला येतं त्याने हात मागे बांधून शेजारी उभं राहायचं. माऊसला हात लावायचा नाही. तो जिथे न राहवून “थांब, थांब” म्हणतो, तिथलं लिहून घ्यायचं. आमच्या कागदावरच्या खऱ्या उपयोगाच्या नोंदी बहुतेक या ‘थांब थांब’मधूनच आल्या आहेत. याला वेळ लागतो आणि हंगामात तो काढणं जिवावर येतं. शेठना अजूनही ती दोन माणसांची मजुरी वाटते. मला वाटत नाही.

हे सगळं होत असताना एकदा माझी नजर कार्यालयातल्या आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या प्रमाणपत्रावर गेली. २०१५ च्या आवृत्तीत कलम ७.१.६ नव्याने आलं आहे, संस्थेच्या ज्ञानाबद्दलचं. कामं चालवायला कोणतं ज्ञान लागतं ते ठरवा, ते जपा, आणि लागेल त्याला मिळेल असं ठेवा, असा त्याचा आशय. त्या कलमाखाली आमच्या फाइलमध्ये इतकी वर्षं प्रशिक्षणाच्या हजेरीचे कागद होते. आता तिथे ते वर्षाचं पान लावलंय.

२०२५ च्या दसऱ्यानंतरच्या सोमवारी २३-२४ चा हंगाम वखारीत गेला. काम त्या तरुण ऑपरेटरने केलं, शेजारी हात बांधून हिशेबातल्या ताई उभ्या होत्या. पुण्याला फोन करावा लागला नाही. डेटाबेसचं नाव बदलून ‘जुने हंगाम’ करावं, असं मी सुचवलं होतं. नाना म्हणाले, वखारच राहू द्या, आता सगळ्यांना माहीत झालंय.

नाना पुढच्या वर्षी निवृत्त होतात. ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालून ते सांगतात, हा कापूस रात्री दवात उघडा होता की मुद्दाम पाणी मारलंय. ओलावा मोजायचं यंत्र दोन्हींना सारखाच आकडा दाखवतं, नानांचा हात दाखवत नाही. हे पानावर कसं लिहायचं, ते मला जमलेलं नाही. यंदा काट्याच्या खोलीबाहेर नानांच्या शेजारी दुसरं स्टूल टाकलंय, आणि प्रत्येक ट्रॉलीत आधी त्या पोराचा हात जातो, मग नानांचा.